उबेचे कारागीर आणि सरकारी खजिना



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आपण चालवीत आला आहात, त्यांनी आपले सारे आयुष्य औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत, कानशीची कुरकुर आणि लेथची घरघर ऐकत, फिटर आणि टर्नर तयार करण्यात वेचले. तेव्हा त्यांच्या नावाने होणाऱ्या भाषणाचा विषय कारागिराच्या शिक्षणापासून दूर जाणारा नसावा, एवढे पथ्य मी विषय निवडताना पाळले आहे. विषय मात्र परमुलखातला आहे. इंग्लंडमधील घरे हिवाळ्यात उबदार राहावीत म्हणून आज जो गॅस जाळला जातो तो हळूहळू बंद करावयाचा, त्याच्या जागी कर्बवायूचे उत्सर्जन अत्यल्प असणारी साधने बसवावयाची, आणि ती साधने बसवणारा कारागीर घडवण्यासाठी सरकारने आपल्या खजिन्यातून द्रव्य पुरवावयाचे, असा जो उपक्रम तेथे गेली काही वर्षे चालू आहे, त्याची कथा आणि तिच्याविषयीचे माझे मत मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो, म्हणजे ते शेवटपर्यंत पारखून घेण्यास आपण मोकळे राहाल. कारागिराला शिकवण्याची जबाबदारी एकाने घ्यावी आणि शिकल्यावर त्याला काम मिळेल की नाही हे दैवावर सोडावे, ही वाटणी मुळातच चुकीची आहे. जो त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलतो त्यानेच त्याच्या कामाची शाश्वतीही दिली पाहिजे, आणि ती शाश्वती हाच शिक्षणाच्या खर्चातील सर्वांत मोठा भाग आहे, असे मी मानतो.

ब्रिटिश पार्लमेंटने २००८ साली हवामानबदलाचा कायदा संमत केला आणि २०१९ च्या जून महिन्यात त्यात दुरुस्ती करून, २०५० पर्यंत देशाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे बंधन सरकारवर घातले. या बंधनाची पूर्तता करावयाची तर गृहस्थाच्या भिंतीवरील बॉयलरला हात घातल्यावाचून गत्यंतर नाही; कारण त्या देशातील दर शंभर घरांपैकी ऐंशीहून अधिक घरे नळाने येणाऱ्या गॅसवर तापतात, दरसाल पंधरा लाखांच्या घरात नवे बॉयलर विकले जातात, आणि इमारती तापवण्यातून होणारे उत्सर्जन देशाच्या एकूण उत्सर्जनाच्या एक-पंचमांशाहून अधिक भरते. या बॉयलरची जागा घेण्यासाठी जे साधन प्रामुख्याने पुढे आले ते हीट पंप. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून घरात आणतो, आणि एक युनिट वीज खर्चून सुमारे तीन युनिट उष्णता घरात पोहोचवतो. तत्त्व जुने आहे. केल्व्हिनने ते १८५२ सालीच मांडले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्विच येथे जॉन सम्नर नावाच्या अभियंत्याने त्यावर एक इमारत तापवून दाखवली होती. आणि १९५१ साली लंडनमध्ये उभारलेल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी थेम्स नदीच्या पाण्यातून उष्णता काढणारा पंप बसवण्यात आला होता. म्हणजे यंत्राची वाट कोणी पाहत नव्हते. २०२० च्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केले की २०२८ पर्यंत वर्षाला सहा लाख हीट पंप बसवले जातील. २०२२ साली ते विकले गेले सुमारे ५५ हजार, आणि २०२४ साली सुमारे ९८ हजार. संकल्प आणि सिद्धी यांत एवढे अंतर का राहिले, याची कारणे अनेक आहेत; विजेचा दर हे त्यांतले एक मोठे कारण आहे आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे; परंतु कारागिराचा हात हे कारण सर्वांत कमी चर्चिले गेले, म्हणून मी तेथे थोडा अधिक वेळ थांबणार आहे.

गॅसचा बॉयलर बसवणारा इंग्रज फिटर हा अडाणी मनुष्य नव्हे. गॅस गळला तर घर उडते, ही जाणीव बाळगून त्याने परीक्षा दिलेल्या असतात, त्याचे नाव अधिकृत नोंदवहीत असते, आणि नोंद नसलेल्याने गॅसच्या नळीला हात लावणे तेथे कायद्याने गुन्हा आहे. तथापि उष्णतेचे गणित करण्याची वेळ त्याच्यावर सहसा आलेली नसते. घराला कडाक्याच्या थंडीतही सहा-आठ किलोवॅट उष्णता पुरेशी होत असताना, आंघोळीचे गरम पाणी तत्काळ मिळावे म्हणून, तो चोवीस किंवा तीस किलोवॅटचा बॉयलर लावतो; पाणी सत्तर-पंचाहत्तर अंशांवर रेडिएटरमध्ये सोडतो; आणि कोठे नळी अरुंद असली, कोठे रेडिएटर लहान असला, तरी पाण्याच्या त्या धगीपुढे सगळे झाकले जाते. हीट पंपाला असली धग परवडत नाही. पाणी पंचेचाळीस अंशांच्या आसपास असेल तरच तो किफायतीने चालतो, आणि जसजसे पाणी अधिक तापवावे तसतशी त्याची वीज वाढत जाते. थोडक्यात, बॉयलरच्या कामात कारागिराची चूक पचून जाते. हीट पंपाच्या कामात ती बिलात उतरते.

हे प्रत्यक्ष कसे घडते ते मी एका प्रशिक्षण केंद्राच्या कार्यशाळेत उभा राहून पाहिले आहे. पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये लाकडी चौकटींवर रेडिएटर, पाण्याच्या टाक्या आणि पंप मांडलेले होते, आणि पन्नाशी उलटलेले, गॅसच्या धंद्यात केस पांढरे केलेले सात-आठ गृहस्थ शाळकरी मुलांसारखे बाकांवर बसून एका काल्पनिक घराचे गणित सोडवीत होते. प्रत्येक खोलीची बाहेरची भिंत किती, खिडकी किती, छप्पर कसले, फरशीखाली काय; बाहेर उणे दोन अंश आणि आत एकवीस अंश असताना या प्रत्येक पृष्ठभागातून किती वॅट उष्णता निसटते; ती भरून काढण्यास पंचेचाळीस अंशांच्या पाण्यावर किती मोठा रेडिएटर लागेल; आणि तेथवर जाणारी नळी तेवढे पाणी वाहून नेईल काय. हा शेवटचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्यापैकी एकाने पेन्सिल खाली ठेवली. बॉयलरच्या पद्धतीत पाणी रेडिएटरला जाताना आणि परतताना त्याच्या तापमानात वीसेक अंशांचे अंतर चालते. हीट पंपाच्या पद्धतीत ते पाचेक अंशांचे ठेवावे लागते. म्हणजे तेवढीच उष्णता नेण्यासाठी कितीतरी अधिक पाणी फिरवावे लागते. आणि इंग्लंडमधील हजारो घरांत गेल्या पन्नास वर्षांत फरशीखालून ज्या नळ्या नेलेल्या आहेत त्या आठ नि दहा मिलिमीटरच्या, करंगळीहून बारीक आहेत. त्या गृहस्थाने स्वतःच अशा किती नळ्या टाकल्या असतील, हे त्याचा चेहराच सांगत होता. तो निदेशकाला म्हणाला, "रेडिएटरला हात लावला आणि चटका बसला म्हणजे काम चोख झाले, असे आम्हांला शिकवले होते." निदेशकाने त्याला धीर देत सांगितले की, यापुढे चटका बसला तर काहीतरी बिघडले असे समजा.

हे केवळ माझ्या डोळ्यांना दिसलेले नाही. त्याला मोजमापाचा आधार आहे. एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट या संस्थेने ८३ घरांतील हीट पंपांची जी पाहणी केली आणि २०१० साली प्रसिद्ध केली, तीत काही पंप अपेक्षेप्रमाणे चाललेले आढळले, तर काहींतून खर्चलेल्या विजेच्या दुप्पटदेखील उष्णता मिळत नव्हती. आणि या तफावतीचे मूळ मापाचा अंदाज, मांडणी आणि नियंत्रण यांतील दोषांत, म्हणजे हाताच्या कामात सापडले. पुढे नियम कडक झाले, यंत्रेही सुधारली, आणि सरकारने स्वतः ७४२ घरांत करून पाहिलेल्या प्रयोगात हवेवर चालणाऱ्या पंपांतून एका युनिट विजेमागे मिळालेल्या उष्णतेचा मध्य २.८ युनिटांच्या आसपास आला. सुधारणा झाली खरी, पण घराघरांतले अंतर मिटले नाही.

आता त्या विजेच्या दराकडे वळतो. ब्रिटनमध्ये एक युनिट वीज ही एक युनिट गॅसच्या चौपट महाग पडते. बॉयलरमध्ये गॅसची काही उष्णता धुराड्यातून वाया जाते हे हिशेबात धरले तरी, हीट पंपाने एका युनिटमागे साडेतीनच्या आसपास उष्णता दिली तरच गृहस्थाचे बिल पूर्वीइतके राहते. उदाहरणादाखल असे घर घेऊ की ज्याला वर्षाला १२ हजार युनिट उष्णता लागते. पंप अडीचपटीने चालला तर ४,८०० युनिट वीज जाईल. साडेतीनपटीने चालला तर सुमारे ३,४३०. अंतर पडले वर्षाला सुमारे १,३७० युनिटांचे, आणि पाव पौंड दराने धरले तरी ते तीनशे चाळीस पौंडांच्या घरात जाते. यंत्र तेच, घर तेच, थंडी तीच. फरक केवळ बसवणाऱ्याने गणित केले की नाही एवढ्याचा. ज्या गृहस्थाने हे नुकसान पहिल्या हिवाळ्यात सोसले तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगेल, हे आपण जाणता.

यावर सरकारने काय केले? बॉयलर बदलून हीट पंप बसवणाऱ्या घरमालकांसाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली बॉयलर अपग्रेड स्कीम नावाची योजना सुरू झाली. तीत प्रारंभी हवेवर चालणाऱ्या पंपास पाच हजार पौंड मिळत, ते २०२३ च्या ऑक्टोबरात साडेसात हजार करण्यात आले, आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ४५ कोटी पौंडांची तरतूद झाली. कारागिरासाठी २०२३ साली इंग्लंडमध्ये हीट ट्रेनिंग ग्रँट ही योजना आली. तिची तरतूद ५० लाख पौंड, दरडोई मदत पाचशे पौंडांपर्यंत, आणि उद्दिष्ट दहा हजार प्रशिक्षणार्थींचे. यंत्रासाठी नव्वद पौंड आणि हातासाठी एक पौंड, असे हे प्रमाण पडते. तत्पूर्वीही घरांचे कर्ब-उत्सर्जन घटवण्याचे कौशल्य शिकवणाऱ्या संस्थांना स्पर्धेने अनुदान देण्याची एक-दोन आवर्तने झाली होती. त्यांची रक्कमही याच पातळीवरची होती. या योजना वाईट हेतूने आखल्या असे मी कदापि म्हणणार नाही. ज्या अधिकाऱ्यांनी त्या मंजूर करवून घेतल्या त्यांना वित्तखात्याशी किती हुज्जत घालावी लागली असेल याची मला कल्पना आहे, आणि पाचशे पौंडांमुळे जो पहिल्यांदा वर्गाची पायरी चढला अशा प्रत्येक कारागिराचे मला मोल वाटते. परंतु त्या पाचशे पौंडांत काय भागते आणि काय भागत नाही, हे पाहिलेच पाहिजे.

भागते ते चार-पाच दिवसांच्या अभ्यासक्रमाच्या फीचा बराचसा भाग. न भागणारे पुष्कळ आहे. इंग्लंडमधील हीटिंगचे काम बहुतांशी एकट्याने धंदा करणारे किंवा दोन-चार माणसांची पेढी चालवणारे लोक करतात. असा मनुष्य आठवडाभर वर्गात बसला की त्याची आठवड्याची कमाई बुडते. शिवाय जानेवारीत कोणा वृद्धेचा बॉयलर बंद पडला असताना तो वर्गात बसला तर ते गिऱ्हाईक कायमचे दुसऱ्याकडे जाते, ही नुकसानी कोणत्याही दरखास्तीच्या रकान्यात बसत नाही. वर्ग संपवून प्रमाणपत्र घेतल्यावरही त्याला लगेच सरकारी अनुदानाचे काम करता येत नाही. त्यासाठी एमसीएस या प्रमाणन व्यवस्थेत आपल्या पेढीची नोंद करावी लागते, गुणवत्तेची दप्तरे ठेवावी लागतात, आणि पहिले काम तपासून घ्यावे लागते. आणि या सर्वांच्या पलीकडे, पहिल्या खऱ्या घरात, जेथे भिंतीची जाडी पुस्तकाप्रमाणे नाही, जेथे जुन्या नळीचा मार्ग कोणास ठाऊक नाही, आणि जेथे घरमालकीण रेडिएटर चटका देत नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी फोन करते, तेथे त्याच्या खांद्याशी उभे राहून 'पाण्याचे तापमान वाढवू नकोस, आणखी एक दिवस थांब' असे सांगणारा जाणता कारागीर त्याला हवा असतो. तो नसला म्हणजे बिचारा नियंत्रणाची कळ फिरवून पाणी साठ अंशांवर नेतो, घरमालकीण संतुष्ट होते, आणि तीन महिन्यांनी बिल येते.

आता मी आपणांस त्याच देशातील एका जुन्या उद्योगाची हकिकत सांगतो. कारण ज्यांना वाटते की एवढ्या कोटी घरांतील साधने बदलणे कोणत्याही सरकारच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यांनी ती विसरून चालणार नाही. १९६० च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये जो गॅस वापरीत तो दगडी कोळसा भाजून काढलेला असे. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन असे आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही असे. १९६५ साली उत्तर समुद्राखाली नैसर्गिक वायूचा साठा सापडला, १९६७ साली तो नळाने किनाऱ्यावर आला, आणि तेव्हा असे दिसून आले की हा वायू जुन्या चुलींत आणि शेगड्यांत जाळता येत नाही, कारण त्याची उष्णताशक्ती सुमारे दुप्पट आणि जळण्याची रीत निराळी. मग देशातील प्रत्येक घरातील प्रत्येक बर्नर बदलण्याचे ठरले. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांच्या घरांतील साडेतीन-चार कोटी उपकरणे एकेक करून बदलण्यात आली, आणि त्यासाठी घरमालकाकडून सर्वसाधारणपणे पैसा घेतला गेला नाही.

हे कसे साधले? एका मोहल्ल्याचा गॅस ठरलेल्या दिवशी तोडावयाचा, त्यापूर्वी कित्येक आठवडे आधी माणसे घरोघर फिरून कोणाकडे कोणती शेगडी, कोणत्या सालची, कोणत्या कारखान्याची, याची यादी करीत. त्या यादीप्रमाणे सुटे भाग मागवले जात. आणि ठरल्या दिवशी फिटरांची फौज त्या मोहल्ल्यात उतरून घरामागून घर हातावेगळे करी. यासाठी लागणारे फिटर त्या काळी आकाशातून पडले नाहीत. राष्ट्रीयीकृत गॅस मंडळांनी आणि त्यांच्या ठेकेदारांनी त्यांच्यासाठी शिक्षणाच्या शाळा उघडल्या, पण मुख्य गोष्ट ही की शाळेतून बाहेर पडणाऱ्याला उद्या कोणत्या गल्लीत काम आहे हे आज ठाऊक असे, परवा कोणत्या गल्लीत हेही ठाऊक असे, आणि ही गल्ल्यांची यादी दहा वर्षे संपणार नाही याची त्याला खात्री असे. शिकवणारा, काम देणारा, काम तपासणारा आणि गृहस्थाची तक्रार ऐकणारा एकच होता. अपघात झाले, तक्रारी तर विपुल झाल्या, आणि १९७० साली नैसर्गिक वायूच्या सुरक्षिततेची चौकशीही करावी लागली. तथापि काम थांबले नाही. आजच्या प्रश्नापेक्षा तो प्रश्न एका अर्थाने सोपा होता हे मला मान्य आहे; त्या वेळी बर्नर बदलायचा होता, आज सबंध घराची उष्णतेची व्यवस्था तपासावयाची आहे. पण प्रश्न अवघड झाला असता कारागिराच्या पाठीशी उभे राहण्याची व्यवस्था अधिक भक्कम व्हावयास हवी होती, ती उलट विस्कळीत झाली. १९८६ साली ब्रिटिश गॅसचे खाजगीकरण झाले, आणि फिटर घडवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, या प्रश्नाला तेव्हापासून एक उत्तर राहिले नाही.

जे उत्तर सरकारने दिले ते वारंवार बदलत राहिले, आणि माझ्या मते खरे नुकसान येथे झाले. २०२० च्या सप्टेंबरात दीड अब्ज पौंडांची ग्रीन होम्स ग्रँट योजना मोठ्या घोषणेने निघाली; सहा लाख घरे सुधारण्याचा तिचा संकल्प होता; कारागिरांच्या प्रशिक्षणासाठी तिच्याबरोबर वेगळी तरतूदही झाली; कित्येक पेढ्यांनी माणसे नेमली, प्रमाणपत्रे घेतली, गाड्या विकत घेतल्या. २०२१ च्या मार्चअखेर ती योजना बंद झाली. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे तिच्यातून सुधारलेली घरे सुमारे ४७,५०० भरावयाची होती. त्यापूर्वी २०१५ साली नव्या घरांसाठी ठरवलेला शून्य-कर्ब दंडक ऐन अंमलबजावणीच्या तोंडावर रद्द झाला होता. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात, तेलावर तापणाऱ्या घरांतील बॉयलर २०२६ पासून बंद करण्याचा बेत २०३५ पर्यंत लांबणीवर टाकण्यात आला; बॉयलर बनवणाऱ्यांवर ठरावीक प्रमाणात हीट पंप विकण्याचे बंधन २०२४ च्या एप्रिलात यावयाचे, ते एक वर्ष पुढे गेले. या प्रत्येक निर्णयामागे राजकारणातील काही कारण असेल, आणि त्यांपैकी काही कारणे सयुक्तिकही असतील. पण पंचावन्न वर्षांच्या एखाद्या फिटरच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. त्याचा गॅसचा धंदा उत्तम चालला आहे, निवृत्तीला दहा वर्षे आहेत, आणि सरकार त्याला सांगते की नवी विद्या शिक. ती शिकल्यावर काम मिळेल काय, असे तो विचारतो; आणि त्याच्या आठवणीत या सगळ्या तहकुबीच्या तारखा असतात. तो वर्गात न जाण्याचे ठरवतो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

स्वीडनचे उदाहरण या बाबतीत फार उद्बोधक आहे. तेलाच्या टंचाईनंतर १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथेही सरकारी साहाय्याने हीट पंप झपाट्याने बसले. कामे निकृष्ट झाली, यंत्रे नादुरुस्त पडली. दशकाच्या मध्यास सरकारी साहाय्य थांबले, तेल स्वस्त झाले, आणि बाजार कोसळला. लोकांच्या मनात पंपाविषयी अढी बसली ती सुमारे दहा वर्षे. पुढे नव्वदीच्या आरंभी तेथील सरकारी संस्थेने चांगल्या यंत्रासाठी जाहीर स्पर्धा लावून खरेदीची हमी दिली, तपासणीची व्यवस्था लावली, बसवणाऱ्यांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरवले, आणि आज त्या देशातील निम्म्याहून अधिक स्वतंत्र घरे हीट पंपावर तापतात. जो देश एकदा अपयश भोगून त्यातून असा बाहेर आला, त्याच्या अनुभवाला मी कोणत्याही तर्कापेक्षा अधिक वजन देतो.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. कारागीर हा स्वतंत्र धंदेवाला आहे. नवी विद्या शिकून उद्या तो अधिक कमावणार आहे. मग त्याच्या शिक्षणाचा भार सामान्य करदात्याने का सोसावा? इंग्लंडमध्ये हा वाद फार जुना आहे. १५६३ च्या कायद्याने तेथे सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती, म्हणजे शिक्षणाचा भार उस्ताद आणि शागीर्द यांनी आपसांत वाटून घ्यावयाचा होता. १८१४ साली ती सक्ती उठवली गेली. १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने धंद्याधंद्याची मंडळे स्थापून प्रत्येक मालकाकडून पट्टी वसूल करावयाची आणि शिकवणाऱ्या मालकाला त्यातून परतफेड करावयाची अशी व्यवस्था आणली. पुढे बहुतेक मंडळे मोडली, बांधकामाच्या क्षेत्रातली तेवढी टिकली. २०१७ पासून तीस लाख पौंडांहून अधिक वेतनखर्च असलेल्या मालकांकडून अर्धा टक्का पट्टी घेतली जाते आणि ती मुख्यतः उमेदवारीवर खर्चली जाते, पण तिच्यातून उमेदवाराचे वेतन देता येत नाही. आणि जेथे मालक स्वतःच पाना घेऊन जिन्याखाली वाकलेला आहे तेथे उमेदवाराचे वेतन हीच मुख्य अडचण असते. आक्षेपाला माझे उत्तर साधे आहे. या कारागिराने नवी विद्या शिकावी अशी मागणी बाजाराची नव्हती. ती कायद्याची आहे. पार्लमेंटने जे बंधन राष्ट्रावर घातले त्याचा हप्ता एकट्या फिटरकडून वसूल करणे न्याय्य नाही. शिवाय मघाचा हिशेब पाहा: चांगल्या हाताने वाचवलेली वीज एका घरात दोन वर्षांच्या आत पाचशे पौंड फेडते, आणि एक फिटर आयुष्यात असली शेकडो घरे करतो. हा लाभ गृहस्थाला मिळतो, विजेच्या जाळ्याला मिळतो, हवेला मिळतो. फिटरच्या गल्ल्यात त्याचा अल्पांशच पडतो.

आपल्याकडे थंडीसाठी घर तापवण्याचा प्रश्न नाही, तरी ही चर्चा परकी ठरत नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्या देशात आहे. २०१५ साली केंद्र सरकारने सौरऊर्जेचे तंत्रज्ञ घडवण्यासाठी 'सूर्यमित्र' ही योजना काढली आणि तिचा अभ्यासक्रम सहाशे तासांचा ठेवला, ही गोष्ट इंग्लंडच्या पाच दिवसांशी तुलना करता अभिमानाची आहे. पण आपल्या शेतावर अनुदानाने बसवलेला सौरपंप बिघडला असता दुरुस्तीला माणूस मिळत नाही ही तक्रारही आपल्या कानांवर येते, आणि तिचे मूळ मला त्याच जागी दिसते: पंपाच्या अनुदानाचे खाते एक, माणसाच्या शिक्षणाचे खाते दुसरे, आणि शिकलेल्या माणसाला तालुक्यात टिकवून ठेवणारे खाते कोणतेच नाही. याचा विस्तार आज करीत नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि माझ्यापेक्षा अधिक जाणत्याने तो घ्यावा.

इंग्लंडच्या सरकारने काय करावे, याविषयी मात्र मोघम बोलून मी सुटका करून घेणार नाही. जर्मनीने २०२३ साली हीट पंपाच्या प्रशिक्षणासाठी जी मदत सुरू केली तीत वर्गाच्या फीबरोबरच, प्रत्यक्ष घरात काम चालू असताना शेजारी उभ्या राहणाऱ्या अनुभवी मार्गदर्शकाच्या खर्चाचाही अंतर्भाव केला. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात घरगुती ऊर्जा-कारागिरांच्या प्रशिक्षणासाठी राज्यांना वीस कोटी डॉलर नेमून दिले. तेव्हा मी जी मागणी करणार आहे ती काही अपूर्व नाही. फिटर वर्गात असेल त्या दिवसांची मजुरी त्याला मिळावी. त्याची पहिली तीन घरे जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली व्हावीत आणि त्या जाणत्यालाही त्याचा मोबदला मिळावा. त्या तीन घरांचे विजेचे मीटर एक हिवाळाभर वाचले जावे आणि ते आकडे खुद्द फिटरच्या हाती पडावेत, कारण आपले काम कसे झाले हे त्याला आजवर कोणी सांगितलेलेच नाही. आणि यंत्राचे अनुदान निदान दहा वर्षांसाठी कायद्याने बांधून द्यावे, म्हणजे मंत्री बदलला की मुदत बदलणार नाही. या सगळ्यासाठी माणशी पाच हजार पौंड लागतील असे धरा. मी मुद्दाम सढळ हाताने धरतो आहे. दहा हजार फिटरांसाठी ती रक्कम पाच कोटी होते, म्हणजे बॉयलर बदलण्यासाठी पहिल्या तीन वर्षांत ठेवलेल्या ४५ कोटींचा नववा हिस्सा. तो नववा हिस्सा यंत्राच्या तरतुदीतून काढून द्यावा लागला, आणि त्यामुळे थोडे पंप कमी बसले, तरी मला तो सौदा मान्य आहे. बसतील ते पंप चालतील, आणि ज्या घरात ते चालतील त्या घराचा शेजारी पुढच्या वर्षी त्याच फिटरचा पत्ता विचारील.